बंद शाळेत कलाकेंद्र: डिचोलीकडच्या एका गावातल्या कामाच्या नोंदी

आमच्या गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्या घटत गेल्यामुळे बंद पडली. इमारत पंचायतीमार्फत नाममात्र भाड्यावर मिळाली. तिथे चित्र, मूर्ती, मुखवटे, छपाई अशा दृश्यकलांचं केंद्र चालवायचं, नफा घ्यायचा नाही, असं ठरलं. गोव्यात अशा बंद शाळा गावोगाव आहेत आणि 'तुम्ही कसं केलं, किती लागले' असं विचारणारे फोनही येतात. त्यांच्यासाठी या नोंदी. त्या त्या वेळी लिहिलेलं तसंच ठेवलंय, माणसांची नावं फक्त काढली.

१४ जानेवारी २०२४

किल्ल्या हातात आल्या. दोन वर्गखोल्या, मध्ये लाकडी पार्टिशन, पुढे पडवी, मागे माध्यान्ह आहाराची भांडी ठेवायची ती कोंदट खोली. भिंती चिऱ्यांच्या, वर मंगळुरी कौलं. मेस्तांनी, म्हणजे आमच्या बांधकामाच्या कारागिरांनी, एका वाशात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. बाकीचे वासे ठोकून बघितले, आवाज बरा आला.

हातात लोकवर्गणीचे दोन लाखांच्या आसपास. समितीतल्या काहींनी पणजीत आल्तिनोवरचं सुनापरान्त कलाकेंद्र पाहिलंय, काहींनी पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा. सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच: पांढऱ्याशुभ्र भिंती, वरून दिवे, खाली नावाची चिठ्ठी. मलाही त्यात काही गैर वाटत नाही. पणजीत कला अकादमी आहे, कला महाविद्यालय १९७२ पासून आहे, २०१६ पासून दर डिसेंबरला सेरेंडिपिटीचा कलामहोत्सव भरतो. पण तिथला संध्याकाळचा कार्यक्रम बघून आमच्या वाड्यावर परतायचं तर स्वतःची गाडी हवी. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी हे केंद्र, एवढं एक वाक्य पहिल्या बैठकीत एकमताने मंजूर झालं. बाकी सगळ्यावर वाद झाले.

२ फेब्रुवारी

कागदपत्रं. कंटाळवाणा भाग, पण इथे घाई केली की पुढे वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली. किमान सात सदस्य लागतात. सातच घेऊ नका. एखादा नोकरीला दुबईला गेला की कोरम अडतो. उद्दिष्टांच्या कलमात नुसतं 'चित्रकला प्रसार' लिहायचं नाही. मूर्तिकला, हस्तकला, लोककला, प्रशिक्षण, शिबिरं, जागा वापरायला देणं, सगळं घाला. नंतर एक शब्द वाढवायचा तरी सर्वसाधारण सभा आणि पुन्हा सगळे कागद. संस्था बंद झाली तर मालमत्ता सदस्यांत न वाटता तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल हे कलमही आताच घाला. आयकराच्या १२ए नोंदणीला (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी मिळवून देणारी) ते लागतं.

२०२४ च्या नियमाप्रमाणे १२ए आणि ८०जी (देणगीदाराला करात सवलत देणारी नोंदणी) साठी नव्या संस्थेला फॉर्म १०ए भरून आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती हाती येण्याआधी देणगीदारांना 'करात सवलत मिळेल' असं सांगू नका. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. आमच्याकडे पाच-पाच हजार रोख पाकिटात घालून देणारे बरेच, त्यांना चेक द्या म्हणून सांगताना अवघड होतं. कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म वेगळा भरावा लागतो. आमच्या सीएने फी घेतली नाही, चतुर्थीची करंज्यांची पिशवी मात्र ठरवून घेतली.

२५ फेब्रुवारी

भिंत. आजचा दिवस आणि यापुढचे बरेच दिवस भिंतीचेच.

खोल्यांना कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुन्याचा सफेदा, मध्ये काळी पट्टी. सरकारी शाळेत शिकलेल्या कुणालाही ठाऊक असलेला तो रंग. ऑइलपेंट दिसायला धडधाकट. काळ्या पट्टीच्या वर मात्र गिलावा बोट लावलं की पिठासारखा गळतोय आणि त्यावर लोण, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या मिठाची पांढरी भुकटी. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी शोषून वर ओढतो. खालच्या भागात ऑइलपेंटने वाट बंद केलेली, म्हणून ओल चढत चढत पट्टीच्या वर येऊन बाहेर पडते. मध्ये कधीतरी कुणीतरी खालचा हात-दोन हात भाग सिमेंटने लिंपलाय. त्यामुळे ओल आणखी वर चढली, एवढाच उपयोग झाला.

एका ठेकेदाराचं कोटेशन आलं: वॉटरप्रूफ कोट, पुट्टी, वर प्लास्टिक पेंट, लाखाच्या वर. दिसायला पणजीच्या गॅलरीसारखं. समितीत निम्मे खूश. मेस्तांनी कोटेशन वाचलंच नाही. भिंतीला हात लावून म्हणाले, "हांगा सिमेंट चलचें ना." (इथे सिमेंट चालणार नाही.) त्यांचे वडील चुन्याचं काम करत. ठरलं: सगळं खरवडायचं आणि चुन्याचा गिलावा करायचा.

खरवडताना एक सावधगिरी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ मध्ये. इथे पुढे मुलं बसणार. म्हणून आच देऊन किंवा कोरडं घासून काढायचं नाही. पाणी मारत, ओलं ठेवून, मास्क लावून खरवडायचं आणि खपल्या पोत्यात बांधून वेगळ्या ठेवायच्या. वेळ दुप्पट लागला. हजेरीचा खर्चही तसाच वाढला.

१६ मार्च

निवडणुकीची आचारसंहिता लागली. गोव्यात मतदान ७ मे रोजी. एका ठिकाणी आमचा अनुदानाचा अर्ज सहीपर्यंत पोचला होता, तो आता निकालानंतर. मेमध्ये उद्घाटन करायचं, म्हणजे पावसाच्या आधी एक प्रदर्शन पार पडेल, असा बेत होता. तो कोलमडला. असं काही सुरू करणाऱ्याने निवडणुकांची वर्षं आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवावीत.

७ एप्रिल

चुना. कळीचा चुना आणून ड्रममध्ये विझवला. विझताना तो उकळतो, शिंतोडे उडतात; डोळ्याला चष्मा, हातमोजे, गमबूट हवेतच. मुलांना आवारात बंदी. विझवलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

रेती हा वेगळा ताप. गोव्यात नदीतली रेती काढण्यावर निर्बंध, त्यामुळे मिळते ती महाग, आणि कुठली ते सांगणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो. खाडीची खारी रेती आली तर भिंतीतलं लोण आपणच विकत आणल्यासारखं. चव घेऊन बघितली (मेस्तांची पद्धत, प्रयोगशाळा वगैरे नाही), तरी धुऊनच वापरली. प्रमाण एक भाग चुना, तीन भाग रेती, त्यात थोडी सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेचा भुगा, आणि गुळाचं पाणी. गुळाला मुंग्या लागल्या. त्या लागणारच.

२८ एप्रिल

पहिल्या खोलीचा गिलावा फसला.

एक: केसासारख्या भेगा. एप्रिलच्या उन्हात भिंत दुपारपर्यंत सुकून गेली. चुना सावकाश घट्ट होतो, त्याला ओल लागते. आता काम सकाळी लवकर सुरू करून दहा-साडेदहाला थांबवतो, भिंत आधी पाण्याने भिजवतो आणि गिलावा केल्यावर ओली गोणपाटं लावून ठेवतो. थर पातळ, आणि एकावर दुसरा चढवायची घाई नाही.

दोन: फोड. बरा झालेला भाग आठवड्याने जागोजागी फुटू लागला, ज्वारीच्या लाहीएवढे खड्डे. चुन्यात न विझलेले खडे राहिलेले, ते भिंतीत जाऊन ओल लागल्यावर विझतात आणि फुगून वरचा थर उडवतात. उपाय साधा होता: चुना आणखी मुरवायचा आणि बारीक जाळीतून गाळून घ्यायचा. पण तोवर एका खोलीचं सामान आणि मजुरी वाया गेली. गवंड्याची हजेरी हजाराच्या वर, हाताखालच्याची सातशे-आठशे; हिशोब करून बघा.

दुसऱ्या खोलीला गाळलेला चुना वापरला. फोड नाहीत.

१९ मे

कौलं. पावसाआधी शाकारणी करायचीच, पण माकडांनी अर्धा कोपरा फोडून ठेवलेला. जुन्या मापाची कौलं नवीन मिळत नाहीत. शेजारच्या गावात एक घर पाडत होते, तिथून उतरवून आणली. वाळवीचा वासा बदलला. वायरिंग पूर्ण नवीन केली. त्यात कंजुषी नको. चित्राच्या दिव्यांपेक्षा आधी अर्थिंग बघा.

उजेडासाठी काचेची कौलं बसवली. फुकटचा उजेड म्हणून आम्ही दक्षिणेकडच्या बाजूलाही घातली होती; दुपारी उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत जातो आणि त्यात आलेलं चित्र सहा महिन्यांत फिकं पडेल. दक्षिणेकडची काढून उत्तरेला हलवली. खाली मांजरपाट ताणून बांधला. आता उजेड मऊ येतो, खाली सावली पडत नाही. मांजरपाट आणि दोरी मिळून हजार रुपयांच्या आतलं काम. या सगळ्या नोंदींतली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

९ जून

उद्घाटन. तालुक्यातल्या चित्रकारांची जलरंगातली निसर्गचित्रं, काही छापचित्रं. बाहेर मुसळधार. आलेले लोक: समिती, समितीचे नातेवाईक, चित्रकार, चित्रकारांचे नातेवाईक. चहा उरला. वाड्यावरची मंडळी पडवीपर्यंत आली, आत डोकावली, 'बरें जालां' म्हणाली आणि चपला न काढता परत गेली. नंतर एका वयनींना विचारलं, आत का नाही आला? म्हणाल्या, आत काय करायचं असतं ते कळलं नाही.

हे वाक्य मी समितीच्या वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. अध्यक्षांना आवडलं नाही.

१४ जुलै

बुरशी. यंदाचा जुलै नेहमीपेक्षाही जोराचा. सहाशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगलाय, तो नव्वदीच्या खाली उतरायला तयार नाही. जलरंगांच्या कागदांवर तपकिरी ठिपके आले. दोन चित्रं फ्रेमच्या काचेला आतून चिकटली. सोडवताना रंग काचेवर राहिला. चित्रकाराला भरपाई दिली. त्याने मोठ्या मनाने अर्धीच घेतली, पण चित्र गेलं ते गेलंच.

शिकलो ते असं. फ्रेममध्ये कागद आणि काच यांच्यात माउंटची फट हवीच. फ्रेमच्या पाठीमागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे ती भिंतीला टेकत नाही आणि मागून वारा खेळतो. बाहेरच्या भिंतीवर कागद टांगायचाच नाही, मधल्या पार्टिशनवर टांगायचा.

कुणीतरी डीह्युमिडिफायर वापरायला दिला. रात्रभर चालवला, बादली भरली, मापकावरचा आकडा जागच्या जागी. कौलारू छपराखाली तो चालवणं म्हणजे विहीर उपसून समुद्र कमी करायला निघण्यासारखं; कौलांच्या फटींतून बाहेरची हवा आत येतच राहते. मग मागची ती भांड्यांची खोली घेतली. प्लायचं छत, दाराला रबराची पट्टी, खिडकी बंद. तिथे तोच डीह्युमिडिफायर साठीच्या घरात आकडा आणतो. कागदाचं सगळं आता तिथे, लोखंडी रॅकवर, भिंतीपासून वीतभर दूर. खर्च साधारण बावीस हजार, त्यात यंत्र धरलेलं नाही.

भिंतीचं म्हणाल तर चुन्याचा गिलावा पावसात गडद दिसतो, पण गळत नाही, फुगत नाही. दुसऱ्या खोलीचा. पहिलीचा अजून खड्ड्यांचा आहे.

आणि निर्णय: जून ते सप्टेंबर कागदाचं प्रदर्शन नाही. मग चार महिने दोन खोल्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरला. उत्तर पुढच्या नोंदीत आहे. ते आमच्यापैकी कुणाला सुचलेलं नाही.

९ ऑगस्ट, नागपंचमी

वाड्यावरच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, आज लोक मूर्तीसाठीचे पाट देऊन गेले. तिथले मूर्तिकार काका दुपारी केंद्रात आले, छताकडे बघितलं, उत्तरेच्या काचेच्या कौलांखाली हात धरून उलटसुलट केला आणि विचारलं, "हांव हांगा मूर्ती दवरूं?" (मी इथे मूर्ती ठेवू?) त्यांची चित्रशाळा म्हणजे घराची पडवी. यंदा तिला प्लास्टिक लावूनही पाणी आलं. चिकणमातीच्या मूर्ती सुकत नाहीत. बल्ब लावून, पंखे लावून सुकवायच्या तर एका बाजूने सुकतात आणि कानाला तडा जातो. पीओपीवर गोव्यात बंदी आहे, मातीच्या मूर्तिकारांना सरकारी अनुदानही आहे. पण अनुदानाने माती सुकत नाही.

समितीची तातडीची बैठक. आक्षेप: फरशी खराब होईल, एकाला दिली की सगळे मागतील, आपण कलादालन आहोत की गोदाम. शेवटचा आक्षेप घेणाऱ्याचा स्वतःचा पाटही त्याच चित्रशाळेत होता. मंजुरी मिळाली.

१ सप्टेंबर

खोल्या भरल्या आहेत. फळ्यांवर वीतभरापासून अडीच-तीन फुटांपर्यंत मूर्ती, प्रत्येक पाटावर खडूने घराचं नाव. सकाळी मुलं शाळेआधी येतात, रात्री माणसं कामावरून सुटल्यावर येतात, आपला गणपती कुठवर आला बघायला. चपला दाराबाहेर काढलेल्या, ढीगच्या ढीग. जूनमध्ये आत काय करायचं असतं हे न कळलेल्या वयनी आता रोज येऊन शेल्यांच्या काठाला रंग भरतात, आणि काकांना 'ह्या निळ्यात थोडा पांढरा घाला' असं सांगतातसुद्धा.

कामाची वाटणी काका करतात. मुलांना उंदीर आणि पाट. मोठ्यांना सोवळं, शेला, दागिने. डोळ्यांची आखणी फक्त काकांची. ते मूर्तीसमोर मांडी घालून बसतात, डावा हात उजव्या मनगटाखाली टेकू म्हणून घेतात, श्वास धरून पापणीची वरची रेघ एका दमात ओढतात. आधी डावा डोळा की उजवा, हे मूर्तीच्या सोंडेवर ठरतं म्हणे. विचारलं तर हसतात. ब्रश साध्या दुकानातला, पण त्याचे केस ब्लेडने कापून पाच-सहाच ठेवलेले. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तो ब्रश हातात घेऊन दहा मिनिटं बघितला आणि मग स्वतःचा एक तसा करून घेतला.

तोटे: फरशीवर मातीचे डाग, रंगाचे डाग; वीजबिल तिप्पट (पंखे रात्रंदिवस); एक मूर्ती मांजराने पाडली, ती काकांनी रात्रीत नवीन केली. पंखे मूर्तीवर नाही, छताकडे तोंड करून लावायचे. हवा फिरली पाहिजे, अंगावर यायला नको. त्यानंतर तडे गेले नाहीत.

२२ सप्टेंबर

चतुर्थी ७ तारखेला होऊन गेली. फरशी धुतली, डाग राहिले, राहू देत.

पैशांचा हिशोब बैठकीत ठेवला. उद्घाटनाच्या प्रदर्शनावर झालेला खर्च चतुर्थीच्या महिन्यातल्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. दानपेटीत मात्र उलट: लोकांनी गणपती नेताना नोटा टाकल्या. मूर्तिकार काकांकडून भाडं घ्यावं का यावर अर्धा तास गेला. शेवटी भाडं नाही, विजेचा अर्धा वाटा त्यांचा, आणि मे महिन्यात मुलांना मातीकामाचं शिबिर ते विनामूल्य घेतील. लेखी करार केला. गावात लेखी मागितलं की 'विश्वास ना?' (विश्वास नाही का?) असं तोंडावर येतं. तरीही करावं, कारण समित्या बदलतात.

६ ऑक्टोबर

मुलांना घेऊन पणजीला. फोंताईनास भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. जन्म १८७० चा, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. आमच्या मुलांनी तेलरंगातलं माणसाएवढं मोठं काम जवळून प्रथमच पाहिलं. एका पोरीने मानेवरच्या प्रकाशाकडे बोट दाखवून विचारलं, 'हा पिवळा की गुलाबी?' ड्रॉइंगच्या सरांनाही लगेच सांगता आलं नाही.

परतल्यावर केंद्रात गोव्याच्या चित्रकारांच्या प्रतिमा मोठ्या छापून लावायच्या ठरल्या. इथे एक कायद्याची गोष्ट. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. त्रिंदाद १९३५ साली गेले, त्यांच्या कामावरचा संपला आहे. आंजेलो दा फोन्सेका १९६७ मध्ये गेले, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत आहे. साळगावचे सुझा २००२ मध्ये, गायतोंडे २००१ मध्ये, लक्ष्मण पै २०२१ मध्ये. यांची चित्रं इंटरनेटवरून उतरवून मोठी छापून लावणं चालत नाही, परवानगी लागते. एका छपाईवाल्याने 'कोण विचारतंय' असं म्हणून फाइल तयारही केली होती. थांबवली. सध्या भिंतीवर त्रिंदादच आहेत.

१ नोव्हेंबर

नरकासुराचे पुतळे. काल नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळले, आज लिहायला वेळ मिळाला.

वाड्यावाड्यांतली पोरं दर वर्षी बाजारातून तयार मुखवटा आणतात. यंदा दोन मंडळांनी तो केंद्रात करायचं ठरवलं. आधी मातीचा साचा (काकांनी चिकणमाती दिली आणि नाकावर टीकाही केली), त्यावर साबणाचा पातळ हात, मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून थरावर थर. पहिला मुखवटा साच्यावरून निघाला तो चपटा झाला, कारण पट्ट्या एकाच दिशेने लावलेल्या आणि तिसऱ्या थरालाच सोडवायची घाई. आडवे-उभे थर घ्या, आणि सहा-सात थरांआधी हात लावू नका.

खळीला ऑक्टोबरच्या दमटपणात वास सुटला आणि बुरशी आली. बुकबाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड-बुरशी लागत नाही. पण मोरचूद विषारी. लहान मुलांचे हात त्यात असणार म्हणून नाही घातला. रोज ताजी खळ, उरलेली फेकायची. मैदा वाया गेला, चालेल.

आवाजाची तक्रार झाली. मंडळांनी सरावाला स्पीकर लावले, रात्री एक वाजला. शेजारच्या आजी आजारी होत्या. आता नियम: केंद्रात स्पीकर नाही, काम रात्री दहाला बंद. एका मंडळाने तेवढ्यावरून रागाने सामान उचललं आणि उरलेला नरकासुर घरी केला. मुखवटा मात्र आमच्याच साच्यातला. साचा माळ्यावर ठेवलाय, वर तारीख लिहून.

२४ नोव्हेंबर

पाऊस गेल्यावर भिंती सुकल्या आणि पहिल्या खोलीचा खड्ड्यांचा गिलावा काढून नवा केला. ड्रमातला चुना एप्रिलपासून मुरतोय. आता तो सुरीवर घेतला तर लोण्यासारखा बसतो. थोडा उरला. मेस्त म्हणाले, वडील ह्यावर कावी काढायचे.

मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आम्ही कावी पाहिली होती: भिंतीवरची नक्षी, पांढऱ्यावर तांबडी, किंवा तांबड्यातून पांढरी काढलेली. ब्रशने रंगवलेली नाही, खरवडलेली. कावीचं काम केलेल्या एका चित्रकारांना बोलावलं. पडवीच्या भिंतीवर चुन्याचा थर, तो ओलसर असतानाच त्यावर चुन्यात कालवलेली काव म्हणजे तांबडी माती, गुळगुळीत गोट्याने घोटून. मग कंपासाने वर्तुळं आखून लोखंडी कांट्याने तांबडं खरवडत जायचं, खालचं पांढरं उघडं पडतं. थर फार ओला असेल तर कडा फाटतात, फार सुकला तर कांटा घसरतो. वेळ मिळतो थोडाच, म्हणून एका दिवसात संपेल एवढाच तुकडा घ्यायचा. आम्ही दारावरच्या पट्टीएवढा घेतला, तोही दुपारपर्यंत पुरला नाही. उरलेल्या भागावरचा थर काढून टाकला. वयनींनी काढलेली वेल सगळ्यांत नेटकी आली. रांगोळीचा हात.

खालचा डावा कोपरा चार दिवसांत सुटला. तिथे चिऱ्यावर तळहाताएवढं जुनं सिमेंट राहिलं होतं, खरवडताना नजरेतून सुटलेलं. चुना त्यावर धरत नाही. तो कोपरा छिन्नीने चिऱ्यापर्यंत काढून पुन्हा करायचा, मेस्त जानेवारीत मोकळे आहेत.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आज मंजूर केलं. जुलैपासून चतुर्थीपर्यंत दोन्ही खोल्या चित्रशाळेला, नंतर दिवाळीपर्यंत मुखवट्यांना, दहाच्या अटीसह, भिंतीवरची प्रदर्शनं डिसेंबर ते मार्च, मेमध्ये मातीकाम. शिगम्याच्या चित्ररथासाठी पडवी मागणारा अर्ज आलाय, त्यावर निर्णय बाकी. समितीतली दोन मतं वेळापत्रकाच्या विरोधात पडली, त्यांचं म्हणणं प्रदर्शनाला वर्षातले निम्मे महिने तरी हवेत. तसं इतिवृत्तात लिहिलंय. अनुदानाचा अर्ज अजून तिथेच आहे.